साहेबांनी वाचवलेला हात

माझं नाव किसन, गाव तिकडं मराठवाड्यात, डोंगराच्या पायथ्याला, गाव म्हणायचं म्हणून म्हणायचं, नुसती बसक्या घरांची एक ओळ. बाप दुसऱ्याची शेरडं राखायचा, आमची स्वतःची एक शेळी न्हाई का वावराचा तुकडा न्हाई. चौथीपर्यंत शाळा गावातच होती, पाचवीला नदी ओलांडून पल्याडच्या गावाला जावं लागायचं, आन नदीला पूल न्हाई. एकदा पाण्यात पाय सुटला, झुडपाला धरून राहिलो म्हणून वाचलो, तवा माय म्हणाली, बास झाली शाळा, तू जिवंत राहा. झालं माझं शिक्षण. म्हणून तुम्हाला म्हणतो ताई, तुम्ही लिहिताय ते नीट लिहा, माझ्यानं काही उलटसुलट बोलून गेलं तर कुणाचा राग व्हायला नको, मला आता रागाची लई भीती वाटते.

आम्ही दोघंच भावंडं, मी आन माझ्या पाठची कांता. तिला जवळच्याच गावात दिली, भागवत दाजी माणूस चांगला, कमी बोलणारा. मी गावच्या लोकांबरोबर पनवेलला आलो, नेऱ्याकडं वीटभट्टीवर. पावसाळ्यात भट्टी बंद झाली, सगळी माघारी गेली, मी ऱ्हायलो, कारण गावाकडं जाऊन खायचं काय. फिरत फिरत म्हात्रेशेठच्या दुकानात लागलो. फ्लेक्सचं दुकान. लाकडाच्या पट्ट्यांची फ्रेम ठोकायची, वर फ्लेक्स ताणायचा, शिडी लावून खांबाला बांधायचा, कार्यक्रम झाला की उतरवायचा, हेच काम. पनवेलात कुणाचा वाढदिवस हाय, कुणाची निवड झाली, कोण वारलं, हे सगळ्यांच्या आधी मला कळतं. म्हात्रेशेठ इथलाच, आगरी, ड चा र करून बोलणारा, तोंडानं तिखट पर उपाशी ठेवणारा न्हाई. त्याचं अन्न खातो, खोटं बोलणार न्हाई.

उतरवलेला फ्लेक्स वाया जात न्हाई. रुळापलीकडं आमची वस्ती हाय तिथं सगळ्यांची छपरं त्याचीच. आन त्याचे पण नियम हायेत बगा. देवाचा असला तर खाली अंथरायचा न्हाई. श्रद्धांजलीचा असला तर घरातच घ्यायचा न्हाई. वाढदिवसवाल्यांचं काही न्हाई, ते मोरीच्या आडोशालाही चालतात. साहेबांचा मात्र म्या कधी खाली अंथरला न्हाई. छपराला लावला, तोंड आतल्या बाजूनं. झोपलो की वर साहेब. बायको, सुमन, म्हणायची, मला लुगडं बदलायची लाज वाटते, हा माणूस बगतोय. मी म्हणायचो, आगं तो माणूस नसता तर तुझा नवरा एकहाती झाला असता.

आता साहेब म्हणजे कोण ते तुम्हाला ठाऊक हाय, नाव कशाला घेऊ. दिल्लीत मोठ्या खुर्चीवर होते, सगळ्या देशाचे दवाखाने त्यांच्या हाताखाली. त्यांची इथं सभा होती तवाची गोष्ट. त्यांच्याच स्वागताचा फ्लेक्स बांधत होतो, हायवेच्या कडेला. त्या येळेला फ्रेम लोखंडी होती, वाऱ्यानं फिरली आन वरच्या तारेला लागली. मला एवढंच आठवतं का साहेबांचा चेहरा माझ्या तोंडावर आला आन मंग काही न्हाई. दवाखान्यात जागा झालो तर उजवा हात काळा. डॉक्टर म्हणत होते, कोपरातून काढावा लागंल. सुमन दारात बसलेली, नुसती बसलेली. आन त्या येळेला साहेब आले. कुणीतरी त्यांना सांगितलं का तुमचा फ्लेक्स बांधताना गडी जळला. गाड्या थांबवून आले. माझ्या डोक्यावर हात ठेवला, घर कुठं तुझं, इचारलं. आन डॉक्टरला म्हणाले, हात कापायचा न्हाई, कामावरचा माणूस हाय. त्यांच्याच ताफ्यातल्या ॲम्बुलन्समधून मला मुंबईला न्हेलं. जाताना म्हात्रेशेठला म्हणाले, याला कामावरून काढू नका. दोन बोटं वळलेलीच ऱ्हायली, हे बगा, अशी, पर हात हाय. खिळा धरता येतो. लेकराला उचलता आलं. काय सांगू तुम्हाला, त्या दिवसापासून मी जेवताना पहिला घास घेतला की त्यांची आठवण काढतो, आन गावाकडं माय रोज त्यांच्या नावानं दिवा लावते.

त्याच्या पुढच्या साली कांता गेली. दुसऱ्या बाळंतपणात. तालुक्याच्या दवाखान्यात न्हेली, तिला दम लागला, श्वास पुरंना, डॉक्टर म्हणाला इथं सोय न्हाई, जिल्ह्याला न्या. वाटेतच आटोपलं, बाळाचं पण. मी इथून पोचलो तर राख झाली होती. थोरली शीतल, लहान होती तवा, माझ्या पायाला मिठी मारून उभी. म्या तिथंच बोललो, पोरी, मी तुझ्या पाठीशी हाय. आता तुम्हाला तर माहीत हाय, आमच्यात नवरीला मामा आणतो, अंतरपाटापाशी उभी करतो आन मंगलाष्टकं होईस्तोवर तिच्या पाठीशी उभा राहतो. बापानं काही केलं न केलं, पर तेवढ्या येळेला मामाच पायजे. आईमागं राहिलेल्या पोरीला तर पायजेच. ह्या उन्हाळ्यात शीतलचं लग्न ठरलं. दाजींचा फोन आला, म्हणाले, किसनभाऊ, सुट्टी काढून ठेवा, तुमचं काम हाय. कपडे शिवायला टाकले म्या. फेटा घेऊन ठेवला.

आन त्याच दिवसांत साहेबांवर आरोपपत्र आलं. खुर्ची तर कवाच गेली होती, आता कोर्टाचं लागलं. टीव्हीवर दिवसभर तेच. दवाखान्यांसाठी यंत्रं घेतली ती नुसती कागदावर, म्हणे, आन जी आली ती बिनकामाची. मला ते नीट समजलं न्हाई. खरं सांगू, म्या समजून घ्यायचा प्रयत्नच केला न्हाई.

दुकानात गेलो तर म्हात्रेशेठ हसत होता. किसन्या, तुजा सायब आत चालला रं. म्या खिळे मोजायला घेतले. मंग म्हणाला, तोंड पारू नको, आपल्याला काय, शिव्यांचा बॅनर पन आपुनच छापनार आन हारांचा पन आपुनच. तसंच झालं. सकाळी साहेब गजाआड असलेला फ्लेक्स, दुपारी साहेब तुम आगे बढो. एकाच शिडीवरून दोन्ही बांधले. खाली लोक बोलत राहायचे आन मी वरून ऐकत राहायचो. एसटी स्टँडपाशी रिक्षावाले म्हणायचे, सगळेच खातात यार, हा सापडला एवढंच. दुसरा म्हणायचा, जामीन होणार, हार घालून परत येणार, तू तुझं मीटर टाक. खांदा कॉलनीत एक रिटायर मास्तर खाली उभे राहून म्हणाले, अशांना भर चौकात फटके दिले पाहिजेत, आन लगेच म्हणाले, अहो, जरा बाजूला बांधा, आमच्या बाल्कनीचा वारा अडतो. मासळीवाली मावशी टोपली उतरवून फ्लेक्सकडं बगत म्हणाली, त्यानं खाल्ला का यानं खाल्ला, माज्या नळाला पानी नाय ते नायच. कुणी रडलं न्हाई, कुणाची झोप गेली न्हाई. मला वाटायचं, एवढा मोठा माणूस खाली आला, कुणाला तरी काही वाटायला पायजे ना. हसायला तरी मनापासून हसा.

नितीनभाऊ म्हणून साहेबांच्या पक्षाचे इथले कार्यकर्ते हायेत. ते दुकानात आले, माझा हात धरून उलटासुलटा बगितला. म्हणाले, अरे किसन, तू तर आमचा हिरा, उद्या सभा हाय, तू फक्त स्टेजवर यायचं, हात वर करायचा, साहेबांनी काय केलं ते सांगायचं. मी म्हणालो, भाऊ, मला बोलता येत न्हाई. ते म्हणाले, बोलू नको, हात तर वर करशील? तुझा हात बोलंल. आता तुम्हीच सांगा ताई, ज्यानं हात ठेवला त्याच्यासाठी हात वर करायला न्हाई कसं म्हणायचं. मी गेलो. माइक पुढं आला. एवढंच बोललो का साहेबांनी माझा हात वाचवला, मी जन्मभर इसरणार न्हाई. हात वर केला. माणसं ओरडली, टाळ्या पडल्या, मला रडू आलं. खोटं काय बोललो होतो?

त्या सभेचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर गेला. दोन दिवसांनी म्हात्रेशेठच्या मशीनमधून फ्लेक्स बाहेर आला, एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला माझा हात, माझ्याएवढा मोठा, वळलेली बोटं दिसतील असा, खाली लिहिलं होतं, हा हात देतोय साक्ष. म्हात्रेशेठ म्हणाला, तू तर फेमस झालास रं, आता जाऊन बांध. माझाच हात म्या माझ्याच हातानं बांधला, स्टँडच्या समोर. खाली रिक्षावाले ओरडले, ओ हातवाले, सही द्या की! एक म्हणाला, अरे येड्या, त्याच्याच बॅनरपायी तर जळला तुझा हात, आन तू त्याचाच जप करतोय. सगळे हसले. मी पण हसलो. काय करणार, वर शिडीवर माणूस एकटाच असतो.

त्याच दिवशी दाजींचा फोन आला. दाजी कधी आवाज चढवत न्हाईत, त्या दिवशी पण चढवला न्हाई. म्हणाले, किसनभाऊ, तालुक्याच्या दवाखान्यात कांता ज्या खाटेवर होती तिच्या उशाला एक यंत्र होतं, प्लॅस्टिक घातलेलं, तुम्हाला ठाऊक हाय का? म्या म्हणलं, मी कुठं होतो तिथं. म्हणाले, ते श्वासाचं यंत्र होतं. मला वाटलं कपाट हाय. मी त्याच्यावर भाकरीचं फडकं ठेवलं होतं. ती दम टाकत होती आन माझी भाकर त्या यंत्रावर होती. परवा चौकशीवाले आले, त्यांनी ते खोललं. आत काहीच न्हाई, नुसता पत्रा. साहेबांच्या खरेदीतलं हाय ते.  मंग म्हणाले, तुम्ही हात वर केला तो सगळ्या गावानं बगितला. शीतलनं पण बगितला. तुमच्यावर राग न्हाई, पर त्या हातानं माझी पोर मांडवात आणू नका.

मी लई विनवण्या केल्या. म्हणलं, मला माहीत नव्हतं दाजी. अजून तरी कुठं काही शाबीत झालंय, कोर्ट हाय, तारखा हायेत. तिथंच चुकलं बगा, ते बोलायला नको होतं. दाजी म्हणाले, बरं, आन फोन ठेवला. शीतलला लावला तर तिनं उचलला, नुसतं मामा म्हणाली, मागं बायकांचा आवाज, बांगड्या भरत असतील. मायला लावला. तिला वाटलं मी जेवलो का इचारायला लावलाय, तिचंच इचारणं सुरू झालं. मंग म्या सगळं सांगितलं.  म्हणाली, लेकाचा हात त्यानंच दिला, लेक त्यानंच न्हेली, आता मी दिवा लावू का इझवू, तूच सांग.

म्हात्रेशेठला म्हणलं, शेठ, तो हाताचा फ्लेक्स उतरवतो. तो पहिल्यांदाच हळू बोलला. किसना, तो आपला नाय रं, त्यांचा हाय, उतरवशील त दुसरा हात पन मोरतील. मंग पलीकडच्या पक्षाच्या पोरांनी एक दिवस त्याच्यावर काळं फासलं, साहेबांच्या तोंडावर कमी, माझ्या हातावर जास्त, आन वरून चपलांचा हार. नितीनभाऊंचा फोन आला का लगेच पुसून घ्या. पुसायला कोण जाणार, मीच. थिनर घेऊन चढलो. थिनरनं काळं जातं तसं खालचं चित्र पण जातं, हे माहीत असून मी घासत ऱ्हायलो. बोटं गेली, पंजा गेला, पांढरं पडलं. साहेबांचं तोंड तेवढं चांगलं निघालं.

लग्नाला सुमन गेली, मामीवर कुणाचा राग नव्हता. फेटा तिच्याबरोबर दिला, म्हणलं, जो कुणी मामा म्हणून उभा ऱ्हाईल त्याला बांधा. त्या दिवशी दुकान उघडं होतं. म्या रुमालात अक्षता बांधून आणल्या होत्या, कुंकू लावलेल्या. मुहूर्ताला सुमननं व्हिडिओ कॉल लावला. गर्दी, आवाज, कुणाची तरी पाठ. मंग भटजींचा आवाज आला, मुलीचे मामा, मुलीला घेऊन या. मी उठून उभा ऱ्हायलो. म्हात्रेशेठनं मशीन बंद केलं. आमचा एक चुलत भाऊ शीतलला घेऊन आला, माझा फेटा त्याला मोठा होत होता, सारखा कपाळावर उतरत होता. शीतल खाली मान घालून. पाठीशी दुसराच माणूस. मंगलाष्टकं सुरू झाली आन चित्र अडकलं, नुसता आवाज येत होता, मंग तो पण गेला. शुभमंगल कवा झालं कळलं न्हाई. आपल्या अंदाजानं अक्षता टाकल्या, समोर फ्लेक्सचे रोल पडले होते, त्यांच्यावर.

तर असं हाय ताई. छपरावरचा फ्लेक्स म्या उलटा केला, तोंड आभाळाकडं. उतरवून फेकवला न्हाई, सुमन म्हणाली फेका, पर हात धजंना. शीतल नांदायला गेली, सुखी ऱ्हावी, तिला फोन करत न्हाई, तिच्या घरच्यांना वाटंल त्याच मामाचा फोन. साहेबांना जामीन झाला. काल ते इथून जाणार होते, स्वागताचा फ्लेक्स बांधायला मलाच धाडलं, दुकानातल्या त्याच जुन्या रोलवर छापलेला. रस्त्यावर उलगडला तर कडेच्या घडीतून लाल तांदूळ पडले, तीन-चार असतील. लोकांच्या पायाखाली जातील म्हणून वेचून घेतले, खिशात ठेवले. ह्या दोन बोटांनी तांदूळ चांगला धरता येतो. मंग शिडी लावली आन चढलो.