ओक्बुनची लेक गल्ल्यावर

न्यूयॉर्कच्या फ्लशिंग भागातल्या आमच्या कोरियन चर्चमध्ये जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे लाँड्रीवाल्या मालसुनताई आणि नखं रंगवायचं दुकान चालवणारी ग्येजा उभ्या होत्या.

“ताई, ओक्बुननं दुसरी लाँड्री उघडली म्हणे!”

“माहितीये. माझ्या पुढच्याच चौकात.”

“जळताय होय?”

“दुकानावर कशाला जळू? आज ना उद्या एखादी बडी कंपनी येऊन आम्हा दोघींनाही गिळेल.”

“मग?”

“तिची लेक बँकेतली नोकरी सोडून गल्ल्यावर बसलीय.”

“अगं बाई! एवढं शिकून लाँड्रीत? तुमचा मुलगा बघा, डॉक्टर!”

“मीच त्याला कधी दुकानात पाऊल टाकू दिलं नाही.”

“चांगलंच केलंत की.”

“त्या मायलेकी दुपारी इस्त्रीच्या टेबलावर एकाच डब्यातलं जेवतात. किमचीसाठी भांडतात.”

“तुम्ही बघायला गेला होतात?”

“रोज जाते. चल, सरक पुढे.”