गाडीखालची कोरडी फरशी

सून : थांबा बाबा, मला नीट कळू द्या. खाली एक थेंब नाही, तापमानाचा काटा मधोमध आहे, आणि तुम्ही म्हणताय पंप गेला.

सासरे : मी कुठे म्हणतोय? हा पंखाच म्हणतोय, पंपाच्याच शाफ्टवर बसलाय तो. धर त्याला. पुढे-मागे कर.

सून : हलतोय.

सासरे : फिरायला हवा. हलायला नको.

सून : हळू बोला हो, पिल्लू आत्ताच झोपलंय. पण पाणी गळतच नसेल तर वॉटर पंप बिघडेल कसा?

सासरे : तेच तर डोक्यात शिरत नाही. या गाडीचे गळके पंप मी दोनदा बदललेत. न गळता मेलेला हा पहिलाच. टॉर्च इकडे धर. इकडे म्हणजे माझ्या डोळ्यांत नव्हे.

सून : उद्या सकाळी मी याच गाडीने पिल्लाला घेऊन आईकडे निघणार आहे, बाबा. एकटी.

सासरे : म्हणून तर उघडून बसलोय. नुसतं तेल-पाणी बघायला आलो होतो, तर हात लागला पंख्याला. शेवटच्या चढावर हा सुटला असता तर सरळ रेडिएटरच्या छातीत घुसला असता.

सून : असं बोलू नका ना!

सासरे : बरं, नाही बोलत. तो पाना दे. तो नाही गं, त्याचा धाकटा भाऊ.

(पंप बाहेर निघून टेबलावर आला आहे. नवरा दुकानातून सुटे भाग घेऊन परतला आहे.)

नवरा : सील मिळालं, बेअरिंग मिळालं. पॅकिंगचा कागद घरीच कापा म्हणाला. आणि बेअरिंग फ्रीजरमध्ये टाकलंय, बाबांनी सांगितल्याप्रमाणे. पिल्लाच्या दातांच्या रिंगशेजारी.

सून : काय?

सासरे : थंडीने आकसतं, मग अलगद बसतं.

सून : अरे, ती रिंग तो तोंडात घालतो! काढ आधी ती तिथून. नाहीतर राहू दे, मीच उकळून घेईन.

सासरे : भांडणं नंतर. हे जुनं बेअरिंग बघा. आतलं ग्रीस पार धुऊन गेलंय. पाणी शिरलंय यात. पण शिरावं कसं? पाणी अडवणारं सील झिजलं की ते पाणी खालच्या भोकातून बाहेर पडतं, त्यासाठीच ते भोक ठेवलेलं असतं. पडलं की आपल्याला कळतं.

सून : कुठलं भोक?

सासरे : हे काय, शाफ्टच्या खाली... अरे, गेलं कुठे?

सून : भोकही जातं का बाबा?

सासरे : टॉर्च जवळ आण. हे राखाडी काय आहे?

सून : घाण असेल.

सासरे : घाण नखाने निघते. हा नळाच्या गळतीला लावतात तो लेप आहे. कुणीतरी बूच मारलंय याला.

नवरा : मी प्यायला पाणी आणू का?

सून : तू इथेच थांब.

नवरा : अगं, तिथून गळत होतं म्हणून तिथे लावलं. गळतं तिथेच लावणार ना माणूस?

सासरे : अरे गाढवा, ते गळण्यासाठीच असतं! तू पाण्याची बाहेरची वाट बंद केलीस, मग ते घुसलं बेअरिंगमध्ये. पंख्याने जे काही उडवलं ते गरम इंजिनवर वाळून गेलं. फरशीवर येणार काय?

नवरा : मला काय माहीत! भोक दिसलं की बुजवायचं, एवढंच मला कळतं.

सून : आणि मला सांगितलं का नाहीस?

नवरा : कारण तू रोज सकाळी चोरून फरशी पुसत होतीस. पिल्लू झाल्यावरही, गुडघे टेकून. मी वरून बघायचो. म्हटलं, गळणंच थांबवून टाकू.

सासरे : तू पुसायचीस?

सून : तुम्ही उठायच्या आत. हा म्हणाला होता ना, आता आणखी गळली तर बाबांची गाडी विकून टाकू. म्हटलं, डागच दिसायला नको. शिवाय पिल्लू रांगतं, सगळं तोंडात घालतं. ते हिरवं कूलंट विषारी असतं.

नवरा : मी असं कधी म्हणालो?

सून : जेवताना.

नवरा : जेवताना मी काहीही म्हणतो!

सासरे : आणि मी येडा रोज कोरडी फरशी बघून खूश.

सून : एक मिनिट. माझा आणखीच गोंधळ होतोय. मी पुसायचे ते पाणी आधी हिरवंगार होतं. मग फिकं झालं. शेवटी शेवटी तर नळाच्या पाण्यासारखं. असं का?

सासरे : होतं तसं.

सून : आपोआप?

सासरे : लेप सुटतोय बघ. काहीतरी टोकदार दे.

सून : बाबा.

सासरे : अगं, काटा वर गेला की तू घाबरतेस. मागे भर रस्त्यात गाडी उभी करून फोन केला होतास. म्हणून मग झाडांना पाणी घातलं की झारीत उरलेलं हिच्या रेडिएटरमध्येही ओतायचो; जुनी गाडी, थोडं आटतंच म्हणायचो.

नवरा : म्हणजे काटा तुम्ही खाली ठेवत होतात!

सासरे : तू बोलूच नकोस.

सून : हसू नका तुम्ही दोघं. मला हसू येत नाहीये. उद्या पिल्लू मागच्या सीटवर असणार होतं. या घरात मला कुणी काही खरं सांगणार आहे की नाही?

नवरा : तू तरी कुठे सांगितलंस?

सून : तेच ना! म्हणून राग कुणावर काढू तेही कळत नाहीये.

सासरे : माझ्यावर काढ. पण आधी हे नवं सील धर. कडेने. त्या गुळगुळीत तोंडाला बोट लावू नकोस, आणि तू रे, फ्रीजर उघड.

नवरा : बसलं, बाबा. खरंच अलगद बसलं की!

सासरे : पॅकिंग लाव, पंप परत गाडीत बसव. बोल्ट समोरासमोरचे आवळ, एका बाजूने आवळत सुटू नकोस. पंखा हलव आता.

सून : नाही हलत. फिरतोय फक्त.

सासरे : कूलंट भरलं? मग कर चालू.

सून : पिल्लू उठेल.

सासरे : उठू दे. त्यालाच बसायचंय यात.

नवरा : बाबा! आला! त्याच भोकातून थेंब आला!

सून : म्हणजे पुन्हा तेच?

सासरे : ओरडू नका. सील नवं आहे, दोन तोंडं एकमेकांवर घासून बसायला वेळ लागतो. जरा टिपकतं, मग थांबतं.

सून : नक्की?

सासरे : बहुतेक.

सून : बहुतेक नको, बाबा.

सासरे : मग खरं सांगू? माहीत नाही. थांबलं तर सकाळी नीघ. नाही थांबलं तर उद्या कुणी कुठे जात नाही. विहीणबाईंशी मी बोलेन.

नवरा : फडकं आणू?

सून : फडक्याला हात तर लावून बघ!

नवरा : थांबलं वाटतं.

सासरे : कुठे? मघाचाच लोंबतोय तो.

सून : बाबा, डोकं जरा बाजूला घ्या. मला बघू द्या.