पोटपुढारी कुणाचा?

थोरली : आणि त्याच्या खालची ओळ, तिथे तर तू हद्दच केलीस. वाचू?

धाकटी : नको. माझ्या ब्लॉगवर मीच लिहिलंय ना ते. ताई, स्टुलावर नीट उभी राहा, टाचणी टोचेल.

थोरली : वाचतेच. "काही माणसं दुकानात येतात. काहींचं आधी पोट येतं, मग मागून माणूस येतो आणि म्हणतो, मी यांच्याबरोबर आलोय. अशांना आमच्या दुकानात पोटपुढारी म्हणतात." आमच्या दुकानात म्हणे.

धाकटी : दुकान माझंच आहे.

थोरली : दुकान तुझं. शब्द कुणाचा?

धाकटी : कुठला शब्द?

थोरली : साळसूदपणाचा आव आणू नकोस. पोटपुढारी. मामा जेवायला आला की दारात आधी त्याचं पोट दिसायचं. मी म्हटलं होतं, "आले, पोटपुढारी आले." आईनं सगळ्यांदेखत मला धपाटा घातला होता. धपाटा माझ्या पाठीत आणि वाहवा तुझ्या पदरात, असं कसं चालेल?

धाकटी : तुला अजून आठवतंय?

थोरली : पाठीला आठवतंय.

धाकटी : वळ. आता दुसरा पाय. तू पँट आखूड करायला आलीस की माझी हजेरी घ्यायला?

थोरली : पँट निमित्त. ब्लॉग म्हणजे काय, तो कसा सुरू करायचा, हे तुला कुणी शिकवलं? याच स्टुलावर बसून शिकवलं. नाव काय देऊ, फोटो कुठे टाकू, तुला धड काही येत नव्हतं. आणि आता तुझ्या "उसवाउसवी" ब्लॉगचं नाव काढलं की माझ्या ऑफिसातल्या पोरीसुद्धा फोन काढून दाखवतात. "मॅडम, हे वाचलं का? काय लिहिते ही बाई." मी म्हणते, ती बाई माझी बहीण आहे. तर म्हणतात, "खरंच? तुमची?" त्या "तुमची"वर जो जोर देतात ना, तो तू ऐकायला हवास.

धाकटी : मी पण सांगते सगळ्यांना की तुझाही ब्लॉग आहे.

थोरली : वाचतेस का तो?

धाकटी : म्हणजे काय? "बाल्कनीतील रोपांची निगा." वाचते की.

थोरली : शेवटचा लेख कशावर होता?

धाकटी : मातीवर.

थोरली : मातीवर तीन आहेत. त्यातला कुठला?

धाकटी : मधला.

थोरली : झालं. एक वाचक होता, तोही गेला. आता उरला तो खतवाला, खाली आपली जाहिरात टाकणारा. आज घरी गेले की बंदच करून टाकणार आहे मी ब्लॉग. ठरवून आलेय.

धाकटी : असं काय करतेस? थांब, कुणीतरी आलंय. या काका, पँट तयार आहे तुमची.

गिऱ्हाईक : या काका नका म्हणू, या पोटपुढारी म्हणा. मॅडम, बायकोनं ओळखलं बरं का मला. वाचता वाचता हसून डोळ्यांतून पाणी. म्हणाली, हे तुम्हीच, दुसरं कोण असणार?

धाकटी : तुमचं नाव नव्हतं हं त्यात.

गिऱ्हाईक : नाव कशाला लागतं? पोट होतं ना. अहो, रागावलो नाही मी. उलट आता घरात मला कुणी दुसऱ्या नावानं हाक मारत नाही. एक विचारू का? असले शब्द सुचतात कुठून तुम्हाला?

धाकटी : सुचतात आपले असेच.

थोरली : असेच?

धाकटी : ही माझी ताई. ही पण लिहिते. झाडांवर.

गिऱ्हाईक : हो का? कुंड्यांचं वगैरे? एकदा वाचलं होतं मी. बायकोचं झाड पिवळं पडत होतं, तेव्हा सापडलं होतं. माहिती चांगली असते हो तुमची.

थोरली : माहिती.

गिऱ्हाईक : अगदी मुद्देसूद. झाड जगलं आमचं.

थोरली : छान. माझ्यापेक्षा झाडाचं बरं चाललंय म्हणायचं.

गिऱ्हाईक : काही म्हणालात?

थोरली : नाही. झाडाला सांगा, विचारलं म्हणून.

गिऱ्हाईक : बरंय मग. येतो. पुढचं काय लिहिताय मॅडम? बायकोनं विचारून यायला सांगितलंय.

धाकटी : बघू. सुचलं की लिहीन.

गिऱ्हाईक : सुचणार हो तुम्हाला. बरं, येतो.

थोरली : "सुचतात आपले असेच." मी या स्टुलावर उभी, पायात तुझ्या टाचण्या, आणि तू माझ्या तोंडावर सांगतेस, असेच सुचतात.

धाकटी : निघून गेलं तोंडातून.

थोरली : तोंडातून निघून जातं तेवढंच खरं असतं.

धाकटी : बरं, मग खरंच सांगते. लहानपणापासून आपल्या घरी कुणीही आलं की तुझ्याभोवती कोंडाळं. "मोठी काय बोलते हो तुमची." आणि मग माझ्याकडे बघून, "आणि ही का? ही गुणी आहे." गुणी म्हणजे काय ते मला तेव्हाच कळलं होतं. ज्याच्याबद्दल काही सांगण्यासारखं नसतं तो गुणी. आज पहिल्यांदा माणसं मला विचारतात, सुचतं कुठून? तिथे तुझं नाव घेतलं असतं, तर मी परत गुणी झाले असते.

थोरली : म्हणून चोरायचं?

धाकटी : हो. आणि परत देणार नाही. काय करायचं ते कर.

थोरली : निर्लज्ज.

धाकटी : नुसता शब्दच नाही, सगळंच घेतलंय. मला कुठे लिहिता येतं? दिवसभर उसवायचं आणि शिवायचं. दुपारी मशीनवर झाकण टाकलं की बसते आणि मनात विचारते, हे ताईनं कसं सांगितलं असतं? ती बाई तीच पँट चौथ्यांदा सैल करायला आली, ताई काय म्हणाली असती? मग तू बोलायला लागतेस आणि मी टाइप करते.

थोरली : म्हणजे शब्द नेलास तो नेलास, बोलणंही नेलंस. मग मला ठेवलंस काय?

धाकटी : तू कुठे वापरत होतीस ते? लोक इथे कापडाचे तुकडे टाकून जातात. मी त्यांच्या उशा शिवते. मग कुणी येऊन म्हणत नाही, उशी माझी आहे.

थोरली : मी टाकलं नव्हतं. ठेवलं होतं.

धाकटी : कुठे?

थोरली : ते नको विचारूस.

धाकटी : विचारणारच. तुझ्या लेखात शोधलं मी, खरंच शोधलं. "सदर रोपास मुबलक प्रकाश आवश्यक असतो." "सदर कुंडीच्या तळाशी छिद्र असावे." ताई, कुंडी तुझ्या बाल्कनीत आहे, कोर्टात नाही. माझ्या वाढदिवसालासुद्धा तू मेसेज पाठवलास, "सदर दिवशी हार्दिक शुभेच्छा." मला वाटलं वकिलाची नोटीस आली.

थोरली : ते घाईत झालं होतं.

धाकटी : घाईत माणसाच्या तोंडून आई येतं, तुझ्या तोंडून सदर येतं.

थोरली : तुला काय माहीत, कुठून आलं ते? माहितीपत्रकं लिहिते मी, वर्षानुवर्षं. मिक्सर घ्या, धुण्याचं मशीन घ्या, डब्यात जे पातळ पुस्तक येतं आणि कुणीही न वाचता फेकून देतं, ते माझं. पहिल्या वर्षी मिक्सरच्या माहितीपत्रकात मी लिहिलं होतं, "भांडं रिकामं फिरवू नका. उपाशीपोटी काम करायला मिक्सरलाही आवडत नाही."

धाकटी : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

थोरली : साहेबांनी सगळ्यांसमोर उभं राहून वाचलं. सगळे हसले.

धाकटी : मग चांगलंच की.

थोरली : हसले ते मला. हसून झाल्यावर साहेब म्हणाले, "बाई, हे घरी." आणि लाल पेनानं खोडून वर लिहिलं, "सदर यंत्र रिकामे चालवू नये." कुणी मान वर करून माझ्याकडे बघितलं नाही. जेवायच्या सुट्टीत एक जण म्हणाला, मिक्सरला जेवायला बोलवा की. महिनाभर चाललं ते. तेव्हापासून माझ्या हाताला सदर लागलं, सुटतच नाही. ब्लॉग उघडला तेव्हा वाटलं होतं, इथे तरी सुटेल. पण पहिलं वाक्य लिहिलं की साहेब दिसतात, पेन घेऊन.

धाकटी : ते काय म्हणाले होते? परत सांग.

थोरली : सदर यंत्र.

धाकटी : ते नाही. त्याच्या आधी.

थोरली : "बाई, हे घरी."

धाकटी : मग घरी लिहायचंस ना. घरी लिहायची परवानगी तर त्यांनीच दिली होती. ब्लॉग घरचाच आहे की तुझा. तिथे पण त्यांना खुर्ची टाकून तूच बसवलंस.

थोरली : तुला सोपं वाटतं सगळं.

धाकटी : सोपं नाही. पण मी तुझ्या जिवावर लिहू शकते आणि तू तुझ्या जिवावर नाही, याला काय म्हणायचं?

थोरली : जळणं म्हणायचं. सांगून टाकते आता, लपवून काय उपयोग? तुझा नवा लेख आला की मी आधी बघते किती जणांनी वाचला, मग लेख वाचते. चांगला निघाला की माझा दिवस वाईट जातो. मागे तो बटणांवरचा लेख तुझा फसला होता ना, त्या दिवशी मला जेवण गोड लागलं होतं. सख्ख्या बहिणीचं वाईट झालं आणि मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

धाकटी : फसला होता तो?

थोरली : साफ. त्यात मी कुठेच नव्हते.

धाकटी : तो मी एकटीनं लिहिला होता.

थोरली : कळत होतं.

धाकटी : उतरू नकोस, मागची बाजू राहिलीय. बरं, सोड. झाडं कशी आहेत तुझी? ती वेल? गजांवर चढवत होतीस ती?

थोरली : नाव काढू नकोस त्या भवानीचं.

धाकटी : का? वाळली?

थोरली : वाळली असती तर परवडलं असतं. दोन वर्षं खाऊपिऊ घातलं, दोरी बांधून दिली, म्हटलं बाई इथून चढ. ढुंकून बघत नाही माझ्याकडे. निघाली ती थेट शेजारणीच्या बाल्कनीत, आणि तिच्या गजांना अशी बिलगलीय की जन्मोजन्मीची ओळख. माझ्या बाजूला नुसता पाला. फुलं सगळी तिकडे. आणि ती शेजारीण, जिनं जन्मात कुंडीला हात लावला नाही, ती काल मला विचारते, "तुमच्याकडे का हो येत नाहीत फुलं? काही कमी पडतंय का?" म्हटलं, हो, लाज कमी पडतेय. मला नाही, वेलीला.

धाकटी : मग?

थोरली : मग काय? रोज सकाळी मी तिचं टोक धरून इकडे ओढून आणते, समजूत घालते, दोरीला गुंडाळते. संध्याकाळी बघावं तर परत तिकडे. नांदतच नाही. नांदत नाही म्हणावं, तर सासर कुठलं आणि माहेर कुठलं, हेच मला कळेनासं झालंय. आणि शेजारीण ती फुलं ओंजळीत घेऊन येते आणि म्हणते, "घ्या, तुम्हालाही थोडी." मलाही. थोडी. माझ्याच वेलीची.

(धाकटी टाचण्यांचा डबा खाली ठेवते आणि फोन उचलते.)

धाकटी : हं. पुढे?

थोरली : काय करतेयस?

धाकटी : काही नाही, तू बोल. "लाज कमी पडतेय. मला नाही, वेलीला." त्यावर शेजारीण काय म्हणाली?

थोरली : टाइप करतेयस तू.

धाकटी : पोटपुढारीनंतर मला काही सुचलेलं नाहीय. ऐकलंस ना, काकांची बायकोसुद्धा विचारतेय. तू तर आज ब्लॉग बंद करणार. मग वेलीचं काय करशील?

थोरली : ठेव तो फोन.

धाकटी : "दुकानात आलेल्या एका बाईंची वेल," असं करते. तुझं नाव नाही घालत.

थोरली : दुकानात आलेल्या एका बाईंची? वेल माझी आहे. गज तिचे असतील, पण शेजारीणही माझीच आहे. एक ओळ लिहिलीस तर बघ.

धाकटी : मग तू लिही. पण सदर वेल म्हणालीस तर मी घेणार, आधीच सांगते.

थोरली : घरी गेल्यावर लिहिते.

धाकटी : घरी गेल्यावर तुला साहेब दिसतील. माझं इथे आत्ता होईल.

थोरली : पर्स दे माझी. फोन आहे त्यात.

धाकटी : अगं बसू नकोस स्टुलावर, टाचण्या काढायच्या आहेत अजून.

थोरली : टोचू देत. घरी पोचेपर्यंत तुझा काही भरवसा नाही.