मंगलचा वर केलेला हात

बसा, बसा. माझ्यासाठी कुणी उठू नका. निघोज्यातली आपली माणसं आलीत, हॉस्पिटलातलीबी आलीत. मला बोलायचं न्हवतं. नातीच्या फोटोपुढं आजीनं काय बोलावं? पर मघापासून हितं जे गोड गोड ऐकतीय, ते पोटात ठरंना.

मंगल नर्स होती. गोळ्यांचा ट्रे हातात घेतला, की कुणाशी बोलायची न्हाई. सिस्टर, पंखा बंद हाय. सिस्टर, डॉक्टर कवा येणार? ही नुसता डावा तळवा वर करायची. पेशंटनं गोळी गिळली, की मग वळायची. "हं काका, बोला आता." घरी मला बीपीची गोळी देतानाबी तेच. मी म्हणायची, "ट्रॅफिक पोलीस झालीस व्हय गं?" म्हणायची, "आजे, मधी कुणी बोललं, की ह्या खाटेची गोळी त्या खाटेला जाती."

ही रीत तिला कुणी शिकवली? तुमी, मोठ्या सिस्टरबाई. कौतुकानं नाव घ्यायची तुमचं.

मग तक्रार गेली, पोरगी उद्धट हाय. हॉस्पिटलच्या साहेबांचा हुकूम आला, नातेवाइकांना लगेच उत्तर द्यायचं. तिनं हात खाली घेतला. थोड्याच दिवसांत एक बाई गाडी कुठं लावू म्हणून विचारत राहिली, आन गोळी भलत्याच खाटेवर गेली. पेशंट वाचला. मंगलची नोकरी न्हाई वाचली.

ती साहेबांना म्हणाली, "हात वर करायला मोठ्या सिस्टरनीच शिकवलं, विचारा त्यांना." विचारलं. काय म्हणालात, सिस्टरबाई? "मी असलं काही शिकवलं नाही."

घरी येऊन रडली न्हाई. एवढंच म्हणाली, "आजे, साहेबांचं काय न्हाई गं. पर बाई खाली बघून बोलल्या."

पुढं चाकणच्या एका कंपनीत मलमपट्टीच्या खोलीत बसायची. डेंगीनं गेली. तुमी मारलं असं मी म्हणत न्हाई. ताप तो तापच. पर आत्ता हार घालताना "माझ्या लेकीसारखी" म्हणालात, तेवढं मागं घ्या. लेकीला असं कुणी उघड्यावर सोडत न्हाई.

आता उभे राहा सगळे. फोन वाजला तर वाजू द्या. कुणाला काय सांगायचं असंल, ते नंतर. तिला लई जणांनी मधी तोडलं, आज कुणी तोडायचं न्हाई. डावा हात वर करा.

सिस्टरबाई, तुमीबी. तुमाला तर शिकवायला नको.