बॅटरी कोन पिऊन राहिलं

...अन् गाडी सुरू व्हाची ती बी धक्क्यानंच. आमच्या करडी गावातून वांग्याचे कॅरेट भरून पिकअप उभी, चाबी फिरवली का नुसतं टिक... मंग बोलवा गावातले मानसं धक्का माराले, रोज सकाळी. तुमाले सांगतो, सांगाले लाज वाटते, पन सांगतो. बॅटरी नवीन होती. मंग रातभर तिले पिऊन कोन राहिलं?

घरी नवीन मानूस कोन? माहे सासरे, यादोराव मामाजी. चिखला गावच्या खदानीतून रिटायर झाले, म्हून रीनानं, म्हंजे माह्या बायकोनं, त्याईले काई दिवस आनलं. मानूस लय साधा. जेवून झालं का पिकअपमधी जाऊन बसाचे अन् रेडिओ लावाचे. झालं. मले चोर सापडला.

अन् म्हनाचं तं एकांतात म्हनाव का नाई? नाई. धक्का मारनाऱ्याईच्या समोर म्हटलं, "मामाजी, तुमी रेडिओ ऐकता अन् साऱ्या गावाले धक्का माराले लावता." मामाजीनं काय केलं? चप्पल घातली, पिशवी घेतली, "बरं जवाई, जयभीम," अन् गेले. रीना तवापासून माह्याशी बोलत नाई. भाजी वाढते, पन ताट आपटून. सांगाले लाज वाटते...

कारन दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बंद. सासरे चिखल्याले, रेडिओ बंद, अन् बॅटरी रिकामी. आता?

धक्का देऊन गाडी लाखनीले नेली, भूपेंद्र इलेक्ट्रिशियनकडे. त्यानं बॅटरीची एक वायर सोडली, मधात बल्ब लावला. चाबी माह्या खिशात, अन् बल्ब पेटला. "पाहा, कोनतरी पिऊन राहिलं," म्हने. मंग एकेक फ्यूज काढत गेला, ज्याच्यानं बल्ब विझन तोच चोर. लाइटचा काढला, पेटलेलाच. हॉर्नचा काढला, पेटलेलाच. मी म्हटलं, "रेडिओचा काढ." माही आशा तं पाहा... काढला. पेटलेलाच. सारे फ्यूज निघाले, अन् बल्ब आपला माह्याकडे पाहून राहिला. भूपेंद्रनं सीट उचलली. "हे आवाज वाढवाचं मशीन कोनाचं? याची वायर तं सरळ बॅटरीतून घेतली. गाने बंद केले तरी हे चालूच राहते. कोन्या मानसानं जोडली?"

कोन्या मानसानं... मीच. जयंतीच्या मिरवनुकीत आवाज मोठा पाह्यजे म्हून. मामाजी आले त्याच हप्त्यात.

सांगाले लाज वाटते, पन रीनाले घेऊन चिखल्याले गेलो. मामाजी अंगनात बसले होते. "मामाजी, चूक माही होती. वायर मीच लावली होती." हे मी हळूच बोललो. रीना म्हने, "जोरानं बोला. तिकडं बी जोरानंच बोलले होते ना." बोललो बाप्पा जोरानं. सारी कॉलनी दारात आली.

मामाजी उठले, चप्पल घातली. मंग म्हने, "येतो. जवायानं बोलावलं तं येतो." माह्या जिवात जीव आला. पिकअपचं दार उघडलं.

"पन एसटीनं येतो."

रीना बी त्याईच्याच संग चढली. मी मागं मागं, रिकामी पिकअप घेऊन. एसटी थांबली का मी थांबाचो. तुमसरले कंडक्टर उतरून आला, म्हने, "का हो, केव्हाचे मागं लागले, काय पाह्यजे?"

काय सांगू? म्हटलं, "काई नाई भाऊ. अंदर माहे सासरे बसले आहेत. तुमी चालू द्या."