हिरवा पेंट

हसू नका, पण त्या मारामारीच्या गेमवर सरकारनं बंदी घातली, तेव्हा सगळ्यात खूश मीच होतो. म्हटलं, पोरगी आता तरी रक्तपात बघायची थांबेल.

मग गेल्या महिन्यात आमच्या कंपनीतल्या रघूचा हात मशीनमध्ये गेला. मनगटापासून तुटला. त्याला हॉस्पिटलात नेलं. हिरवी फरशी दोनदा धुतली, तरी रक्ताचा डाग जाईना. सुपरवायझरनं माझ्या हातात ब्रश दिला. "चाचा, कल इन्स्पेक्शन है. इधर हरा पेंट मार दो."

मारला मी. मुकाट्यानं. नोकरी हाय ना!

सरावली गावातल्या घरी आलो, तर पोरगी मोबाईलवर तोच गेम खेळत बसलेली. मी खेकसलो, "याच्यावर बंदी हाय ना?"

"ती कधीच उठली, बाबा. आता फक्त गोळी लागली की रक्त हिरवं दिसतं. लाल रक्त सरकारला चालत नाय."

मी मोबाईल काढून घ्यायला हात पुढं केला. तेवढ्यात तिचं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं.

"बाबा, हे हिरवं काय लागलंय?"

मी म्हटलं, "रघूचं रक्त."