त्रेचाळिसाव्या दिवसाचं कलिंगड

(उत्तर स्वीडन, ऑगस्ट संपत आलेला. सकाळचे सहा. परसातल्या काचघराच्या दारात गुन्वोर उभी. आत तिचा नवरा हेल्मर आरामखुर्चीत, आणि सुट्टीला घरी आलेली मुलगी डीसा उपड्या बादलीवर.)

हेल्मर : ते नंतर बोल. आधी दार लाव.

गुन्वोर : लावते रे. पण घरात चांगला पलंग असताना माणसानं रात्रभर खुर्चीत...

हेल्मर : दार, गुन्वोर. बाहेर उणे दोन आहे.

गुन्वोर : घे, लावलं. किती कोंदट झालंय इथे.

हेल्मर : कोंदट नाही, ऊबदार. रात्री हीटर विझला असता तर सहा वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती. फळ धरल्याला आज त्रेचाळिसावा दिवस. देठाजवळची बाळी बघ, हा पिळाचा तंतू, अर्धी सुकली. पुरती सुकली की कलिंगड कापायचं. दोन दिवस. फार तर तीन.

गुन्वोर : आपल्या लग्नाची तारीख तरी तुझ्या इतकी लक्षात आहे का?

हेल्मर : तिला पाणी घालावं लागत नाही.

गुन्वोर : आणि तू गं, डीसा? तू कधी उठलीस?

डीसा : पाचला. झोप येत नव्हती. बाबांना कॉफी घेऊन आले, आणि मग इथेच बसले.

गुन्वोर : कॉफी तर तशीच आहे. साय धरली वर.

डीसा : नको वाटली. डोकं दुखतंय, आई. मळमळतंय.

हेल्मर : दुखेल नाहीतर काय. माझंही ठणकतंय. काल चार गाणी म्हटली, चार पेले झाले. स्नाप्स म्हणजे काय दूध आहे?

गुन्वोर : मी पाच घेतले. माझं नाही दुखत.

हेल्मर : तुझं डोकं बर्चच्या ओंडक्याचं. पण काल मजा आली. शेजारचा एगोन चार तास इथे बसून शेवंडं सोलत होता, कलिंगड त्याच्या कानापासून हातभर लांब, आणि पठ्ठ्याला पत्ता नाही.

गुन्वोर : कसा लागेल? माझ्या लोकरी मोज्यात टांगलंयस, वरून पार्टीचा कागदी चंद्राचा कंदील. तो चंद्राकडे बघून गात होता बिचारा.

हेल्मर : गाऊ दे. नदीच्या वर, उत्तरेला, कलिंगड पिकत नाही म्हणतो. कापलं की पहिली फोड त्याच्या दारात नेऊन ठेवणार आहे. तोवर ब्र काढायचा नाही.

गुन्वोर : मांजर आत का येत नाही रे? रोज हीटरखाली लोळत असतं.

हेल्मर : पहाटे दार ओरबाडत होतं. सोडलं बाहेर. आज त्रेचाळिसावा दिवस, गुन्वोर. बाळी बघ, अर्धी सुकली.

गुन्वोर : आत्ताच सांगितलंस.

हेल्मर : काय?

गुन्वोर : हेच. जसंच्या तसं. हेल्मर, ऊठ बघू. चल घरात.

हेल्मर : उठतो. पायांना मुंग्या आल्यात. थांब जरा.

गुन्वोर : डीसा, नीट बस, घसरशील. काय झालंय काय तुम्हाला? चार पेल्यांत एवढी चढते?

डीसा : चढली नाहीये.

गुन्वोर : अगं, तुझी जीभ जड झालीय.

डीसा : आई, मी काल प्यायलेच नाही.

हेल्मर : मी बघत होतो. चारही वेळा पेला रिकामा होता.

डीसा : तुम्ही सगळे गाताना डोळे मिटता. तेवढ्यात मी कुंडीत ओतायचे.

हेल्मर : कुठल्या कुंडीत?

डीसा : कलिंगडाच्या.

हेल्मर : बेचाळिसाव्या दिवशी? मुळांना दारू? अगं, तुला दुसरी कुंडी दिसली नाही?

गुन्वोर : गप्प बस, हेल्मर. मला विचार करू दे. ही प्यायली नाही, आणि हिचं डोकं दुखतंय. मी सगळ्यांत जास्त प्यायले, आणि मला काही नाही. मी घरात झोपले होते.

हेल्मर : मग?

गुन्वोर : वरची खिडकी कुठे गेली?

हेल्मर : आहे तिथेच आहे. हवेच्या बुडबुड्यांचं प्लास्टिक लावून वरून चिकटपट्टी मारली. पार्टी उठल्यावर सगळीकडून बंद केलं. दाराखाली पोतं कोंबलं होतं, ते तू आत्ता ढकललंस.

गुन्वोर : आणि हा हीटर रॉकेलचा. ज्योत निळी असते ना त्याची? ही पिवळी आहे. काचेवर काजळी धरलीय बघ. अरे देवा, हेल्मर, हा विषारी वायू आहे. वास नसतो त्याला. मी दार उघडते.

हेल्मर : हात लावू नको. आठला ऊन येईल, मग उघड.

गुन्वोर : आठपर्यंत तुम्ही दोघं राहाल का?

हेल्मर : डोकं दुखलं म्हणून कोणी मेलंय? पहिल्या वर्षी वेलच जगली नाही. दुसऱ्या वर्षी फुलं आली ती नुसती नर. मग दोन वर्षं मी कुंचल्यानं पराग लावत बसलो, तर फळं लिंबाएवढी होऊन गळाली. गेल्या वर्षी याच दिवसांत हिमानं एका रात्रीत काळी केली. आता दोन दिवस राहिलेत. आज त्रेचाळिसावा...

डीसा : बाबा, मी का प्यायले नाही, ते विचार ना.

हेल्मर : का?

डीसा : अकरावा आठवडा आहे.

गुन्वोर : डीसा.

डीसा : मला भीती वाटतेय, आई. मी तासभर बसलेय इथे. पाच वाजल्यापासून बसलेय.

हेल्मर : आम्हाला सांगितलं का नाहीस?

डीसा : गेल्या वेळी सगळ्यांना सांगितलं होतं. मग एकेकाला परत सांगत फिरावं लागलं, की आता नाही. तूच म्हणतोस ना, फळ मुठीएवढं होईपर्यंत कोणाला दाखवायचं नाही.

हेल्मर : गुन्वोर, दार उघड. पूर्ण उघड. हिला आधी ने.

गुन्वोर : ऊठ, बाळा. माझ्या गळ्यात हात टाक. हं, असा. पाय उचल.

डीसा : बाबांना उठता येत नाहीये.

हेल्मर : माझं मी बघतो. तू चालत राहा. मागे बघू नको.

गुन्वोर : बस इथे गवतावर. गार लागू दे, खोल श्वास घे. आणखी एक. मी त्यांना घेऊन येते.

डीसा : आई, तू आत श्वास घेऊ नको.

गुन्वोर : हेल्मर. हेल्मर, डोळे उघड. माझ्याकडे बघ. हात दे. हे काय धरलंयस छातीशी?

हेल्मर : वेलीवरची गोधडी. काढली. तिला दे, गवतावर हिम आहे.

गुन्वोर : देते. चल. मी ओढते, तू पायांनी रेट. आणखी थोडं. उंबरा आला. बस, झालं. झालं रे.

डीसा : बाबा?

हेल्मर : आहे. फोन कर, गुन्वोर.

गुन्वोर : लागलाय. हॅलो? काचघर. रॉकेलचा हीटर, सगळं बंद होतं. हो, बाहेर काढलं. हो, बोलतायत दोघं. नवरा रात्रभर होता, मुलगी एक तास. दोघं. नाही, थांबा, तिघं. तिसरं पोटात आहे. अकरावा आठवडा. ते मला माहीत नाही हो, तेच तर तुम्हाला विचारतेय. बरं. बरं, आत जात नाही. लवकर या.

डीसा : काय म्हणाले?

गुन्वोर : वीस मिनिटांत येतायत. ऑक्सिजन लावतील, मग इस्पितळात सगळं तपासतील.

डीसा : मला आत काहीच जाणवत नाहीये.

गुन्वोर : अकराव्या आठवड्यात काही जाणवत नसतं. तुझ्या वेळी मलाही नव्हतं जाणवलं. गोधडी नीट घे.

हेल्मर : माझ्यामुळे झालं. मी चिकटपट्टी मारत होतो आणि मनात म्हणत होतो, कशी पक्की बसली.

डीसा : बाबा, नको ना. हात दे तुझा.

गुन्वोर : दार सताड उघडं आहे. पानं आत्ताच माना टाकायला लागलीत. हेल्मर, तू बघू नको तिकडे.

हेल्मर : मी नाहीच बघत. मी हिच्याकडे बघतोय.

डीसा : कोणीतरी येतंय.

गुन्वोर : एगोन. स्लिपरवरच निघालाय, अंगात झोपेचा सदरा. माझा आवाज ऐकला असणार. आता दहा प्रश्न विचारेल. काय सांगायचं त्याला?

हेल्मर : कलिंगडाचं सांग. हिचं काही सांगायचं नाही.